मदत हवी आहे: इलेक्ट्रॉन केंद्रकात पडत का नाही?

नमस्कार मंडळी,

काल मुलीला अणूची रचना समजावत होतो. तिने वहीत कंपासने वर्तुळं काढली, मध्ये सोडियमचे ११ प्रोटॉन आणि १२ न्यूट्रॉन लिहिले, बाहेर २, ८, १ असे इलेक्ट्रॉन मांडले. मग पेन्सिल तशीच धरून म्हणाली, "बाबा, आत धन, बाहेर ऋण. मग हे ओढले जाऊन आत का पडत नाहीत?"

ग्रह सूर्याभोवती फिरतात तसे हे फिरतात म्हणून, असं मी सांगून टाकलं. तिला पटलं, मला चैन पडेना. रात्री वाचायला बसलो. गोल फिरणारा प्रभारित कण प्रारणाच्या रूपाने ऊर्जा गमावतो. त्या हिशेबाने हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आतच केंद्रकात कोसळायला हवा! रदरफोर्डने १९११ मध्ये केंद्रक मांडलं, त्या चित्रातच ही अडचण होती. १९१३ मध्ये नील्स बोर म्हणाले, ठरावीक कक्षांमध्ये ऊर्जा जात नाही. पण हा नियम झाला. कारण काय? थोडं गणित चालेल. तिला पुन्हा चुकीचं सांगायचं नाही.

प्रतिसाद:
आधी ग्रहांचं चित्र मनातून काढा. इलेक्ट्रॉनला तरंगाचे गुण असतात, त्यामुळे त्याला जितक्या लहान जागेत कोंडाल तितकी त्याची गतिज ऊर्जा वाढते. केंद्रकापासूनचं अंतर निम्मं केलंत, तर ओढीमुळे होणारा ऊर्जेचा फायदा दुप्पट होतो, पण कोंडल्याची किंमत चौपट. म्हणून एका मर्यादेपलीकडे आत सरकणं त्याला परवडत नाही. हायड्रोजनमध्ये हा तोल साधारण ०.०५३ नॅनोमीटरवर साधतो. त्याहून खालची ऊर्जेची पायरीच नाही, मग ऊर्जा टाकून तो जाणार कुठे?

धागाकर्ता:
म्हणजे तो केंद्रकापर्यंत पोचतच नाही?

प्रतिसाद:
पोचतो की! सर्वांत आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जागीही सापडण्याची थोडी शक्यता असते. पोटॅशियम-४० चं केंद्रक तर कधीकधी त्याला गिळतं. एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि आर्गॉन-४० तयार होतो. साध्या हायड्रोजनमध्ये हे घडत नाही, कारण प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन मिळून जेवढं वस्तुमान होतं, त्याहून एकट्या न्यूट्रॉनचं जास्त भरतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार. दुप्पट-चौपटचा हिशेब उद्या तिच्याकडूनच करून घेतो, आणि ग्रहांचं उदाहरण माझं चुकलं होतं हेही सांगतो.