मदत हवी आहे: मेंदूच्या ऑपरेशननंतर रेडिएशन, तीन आठवडे की सहा?

नमस्कार. आम्ही कळव्यात राहतो. माझे वडील, आप्पा, वय ६९. सकाळी चहा पिताना त्यांना 'कप' हा शब्दच आठवेना. हातात धरून नुसते बघत बसले. तिथून एमआरआय, मग ऑपरेशन. त्याला आज २५ दिवस झाले. बायोप्सीत ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर, ग्रेड ४ आलंय. एमजीएमटीचा (केमोच्या गोळ्यांचा कितपत उपयोग होईल त्याचा अंदाज देणारी गाठीची तपासणी) रिपोर्ट यायचाय.

सर्जन म्हणाले, दिसत होती तेवढी गाठ सगळी काढली, पण हिच्या पेशी आजूबाजूच्या चांगल्या मेंदूत शिरलेल्या असतात आणि त्या एमआरआयवरही दिसत नाहीत, म्हणून शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावाच लागेल. आप्पा मात्र रोज विचारतात, "सगळं काढलंय ना गं? मग आता हे कशाला?" मला त्यांच्यासमोर धड बोलता येत नाही.

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) दाखवलं. डॉक्टरांनी दोन पर्याय ठेवले: ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप), ३० सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे, किंवा ४० ग्रे, १५ सिटिंग, तीन आठवडे. टेमोझोलोमाइडच्या (केमोच्या) गोळ्या दोन्हीत आहेतच. वय आणि अंगातली ताकद बघून ठरवू म्हणाले. आत्याचं म्हणणं, कमी दिवस म्हणजे हात राखून उपचार. मी हिशेब करून बघितला. लांब कोर्समध्ये रोज २ ग्रे, छोट्यात रोज साधारण २.६७. म्हणजे रोजचा डोस उलट जास्तच पडतो. तरी मन मानत नाही. तुमच्या घरी पासष्टीच्या पुढच्या कोणी छोटा कोर्स घेतला असेल तर कृपया सांगा, नंतर बोलणं-चालणं कसं राहिलं?

काल मास्क बनवला. जाळीची प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणून बसवतात, काही मिनिटांत ती कडक होते. बाहेर आले तेव्हा कपाळावर जाळीचे वळ होते आणि माझा हात त्यांनी रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही. रोज तो मास्क टेबलाला क्लिपांनी अडकवून झोपायचंय. जीव घाबरा होऊ नये म्हणून तुम्ही काय केलंत?

आणखी एक. मेंदूची सूज उतरावी म्हणून डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टेरॉइडची गोळी) चालू आहे. त्याने शुगर २८० वर गेली, रात्री दोनला उठून जेवायला मागतात. रेडिएशन संपेपर्यंत हे असंच चालतं का? गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही हे माहीत आहे, करणारही नाही.

येण्याजाण्याचंही बोला. ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला उतरता येतं, पण जिना चढताना त्यांचा उजवा पाय ओढला जातो. गाडीने ठाणे-बेलापूर रस्त्यावर संध्याकाळी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. खारघरमध्ये महिनाभरासाठी तळमजल्यावर खोली घ्यावी असं वाटतंय.

ता. क. : ज्यांनी गोमूत्र आणि काढे सुचवले त्यांची कळकळ पोचली, पण टेमोझोलोमाइड चालू असताना दर आठवड्याला रक्त तपासतात, प्लेटलेट खाली येऊ शकतात. त्यात मी दुसरं काही मिसळणार नाही. डॉक्टरांना सोमवारी उत्तर द्यायचंय, त्याआधी छोट्या कोर्सबद्दल कोणी लिहिलंत तर फार आधार होईल.