लिनक्सच्या डिस्ट्रो (उबुंटू, डेबियन, फेडोरासारखे तयार संच) अती झाल्यात का?

टर्मिनलवाला: झाल्यातच. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळीकडे एकच आहे हे खरं, पण प्रोग्रॅम नुसत्या कर्नलवर चालत नाही. जीलिबसी (glibc) ही जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी मूळ लायब्ररी. उबुंटू २२.०४ वर (जीलिबसी २.३५) बांधलेली बायनरी, म्हणजे तयार प्रोग्रॅम, २०.०४ वर (२.३१) टाका, ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’ म्हणून लगेच हात वर करते. अल्पाइन डिस्ट्रोमध्ये तर जीलिबसीच नाही, तिच्या जागी मसल (musl) ही दुसरी लायब्ररी आहे. पॅकेजांची नावंही ज्याची त्याची. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या हेडर फाइल्स (प्रोग्रॅम बांधताना लागतात त्या) डेबियनमध्ये ‘लिबएसएसएल-डेव्ह’, फेडोरात ‘ओपनएसएसएल-डेव्हेल’, आर्चमध्ये वेगळं पॅकेजच नाही. एकटा डेव्हलपर कुठेकुठे पुरणार? एक डेब फाइल (डेबियन-उबुंटूचं पॅकेज) देतो आणि मोकळा होतो.

जुना_खोड: अहो, तुमच्या उदाहरणात दोन्हीकडे उबुंटूच आहे! हा आवृत्त्यांचा प्रश्न झाला, डिस्ट्रोंच्या गर्दीचा नाही. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट नाही. त्यामुळे जी सगळ्यात जुनी डिस्ट्रो सांभाळायची आहे, तिच्या कंटेनरमध्ये (आपल्याच मशीनवर त्या डिस्ट्रोचं वेगळं वातावरण) बिल्ड करायचं. आणि गर्दीचा फायदाही बघा. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट कंपनीने सेंटओएस ८ या सर्व्हरवरच्या फुकट डिस्ट्रोचा सपोर्ट २०२९ वरून २०२१ अखेरीवर आणला. ती मुदत संपायच्या आत अल्मा आणि रॉकी या तिची जागा घेणाऱ्या डिस्ट्रो तयार होत्या, स्थलांतराच्या स्क्रिप्टसकट. एकच डिस्ट्रो असती तर जायचं कुठे?

टर्मिनलवाला: सर्व्हरवाल्यांचं ठीक आहे हो. घरच्या वापरकर्त्याला कंटेनर सांगणार का? ‘सगळीकडे चालतं’ म्हणून अ‍ॅपइमेज आणलं, म्हणजे अख्खं अ‍ॅप एकाच फाइलमध्ये. अशा बऱ्याच फाइल्सना उघडायला लिबफ्यूज २ ही लायब्ररी लागते आणि उबुंटू २२.०४ मध्ये ते आधीपासून नसतं. ‘लिबफ्यूज२’ टाकलं की काम होतं. पण नेटवरचा जुना सल्ला वाचून कुणी ‘फ्यूज’ पॅकेज टाकलं, तर ते आधीचं फ्यूज ३ काढून टाकू लागतं आणि डेस्कटॉपचे भागही सोबत जाऊ शकतात. आगीतून फुफाट्यात. २४.०४ मध्ये त्याच पॅकेजचं नाव पुन्हा बदलून ‘लिबफ्यूज२टी६४’!

मिंटप्रेमी: मिंटचंच घ्या. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर उभं, एलएमडीई ६ (मिंटचीच दुसरी डिस्ट्रो) डेबियन १२ वर. दोन्हीकडे तोच सिनॅमन डेस्कटॉप, त्यामुळे पाहून फरक कळत नाही. उबुंटूचा पीपीए (उबुंटूसाठी बनवलेला जादा पॅकेजांचा साठा) एलएमडीईत घातला की डिपेंडन्सी, म्हणजे सोबत लागणारी पॅकेजं, अडकल्याच. कुठलीही कमांड चिकटवण्याआधी ‘/ईटीसी/ओएस-रिलीज’ (/etc/os-release) ही फाइल उघडून पाया कोणता ते बघावं.

जुना_खोड: बरोबर, पण तेवढ्यासाठी एलएमडीई बंद करायची का? उबुंटूने उद्या नको ती दिशा धरली तर मिंटकडे पर्याय असावा, म्हणून तर ती ठेवलीय. डाउनलोडच्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘इथे पीपीए चालत नाहीत’ लिहा म्हणावं.

टर्मिनलवाला: ते पान वाचतं कोण?