पुरात भिजलेल्या डायरीतील बारा शब्द: बिटकॉइन वॉलेट पुन्हा उघडता येईल का?

शाहूपुरीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझे लहानसे वर्कशॉप आहे आणि घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या जवळ. २०१७ च्या सप्टेंबरात मी एका एक्स्चेंजवर सुमारे तीस हजार रुपयांचे, म्हणजे साधारण ०.१ बिटकॉइन घेतले आणि ते दुसऱ्याच्या ताब्यात राहू नयेत म्हणून मोबाइलमधील एका वॉलेटवर हलवले. वॉलेट तयार होताना पडद्यावर आलेले, वॉलेट पुन्हा उघडण्यासाठी लागणारे बारा इंग्रजी शब्द मी जेल पेनने डायरीत क्रमांक घालून लिहून ठेवले होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांवर गेले, तेव्हा आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. परतल्यावर खालच्या मजल्यावरील कपाट चिखलाने भरलेले होते. फोन त्यातच बुडाला. डायरी मी वाळवून ठेवली, पण त्या पानावरचे नऊच शब्द नीट वाचता येतात. दोन शब्दांची सुरुवातीची एकदोन अक्षरे दिसतात आणि एक शब्द पूर्ण धुऊन गेला आहे. क्रमांक मात्र बाराही शाबूत आहेत.

त्या वेळी घरच सावरायचे होते, म्हणून हा विषय बाजूला पडला. आता मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर असल्यामुळे ते पान मी पुन्हा काढले आहे. उरलेले तीन शब्द शोधून काढण्याचा काही मार्ग आहे का? मुद्दाम येथे एकही शब्द लिहीत नाही. एक्स्चेंजचा २०१७ चा ईमेल माझ्याकडे आहे आणि ज्या अ‍ॅड्रेसवर नाणी पाठवली तो (म्हणजे वॉलेटचा खाते क्रमांकासारखा पत्ता) त्यात आहे. तो १ या आकड्याने सुरू होतो.

आकडेमोड

शाहूपुरीकर, आपण शब्द लिहिले नाहीत हे फार चांगले केले. अर्धवट अक्षरेही कोणाला सांगू नका. आपल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की मार्ग आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे.

हे बारा शब्द कुठूनही उचललेले नसतात. बहुतेक वॉलेट २०१३ मध्ये मांडलेले बीआयपी ३९ हे मानक पाळतात आणि त्याच्या इंग्रजी यादीत नेमके २०४८ शब्द आहेत. ही यादी करणाऱ्यांनी एक काळजी घेतली, जी आज आपल्या उपयोगी पडणार आहे: कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरे सारखी नाहीत. म्हणजे चार अक्षरे वाचता आली की शब्द मिळाला. दोन अक्षरे वाचता आली तरी उमेदवार बरेच कमी होतात. झेडने सुरू होणारे शब्द यादीत चारच आहेत, आणि एक्सने सुरू होणारा एकही नाही.

दुसरी मदत यादीच्या रचनेतूनच मिळते. प्रत्येक शब्द ११ बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक असा अंक), म्हणून बारा शब्दांचे १३२ बिट होतात. त्यांपैकी १२८ बिट यादृच्छिक असतात आणि शेवटचे ४ बिट ताळा म्हणून येतात. त्यामुळे मनाने जुळवलेल्या सोळा संचांपैकी सरासरी एकच संच ताळ्याला उतरतो आणि बाकीचे पंधरा पुढचे काही गणित न करताच बाद होतात.

आता आपले पान घेऊ. समजा एका अर्धवट शब्दाला २० उमेदवार आहेत, दुसऱ्याला ६, आणि तिसरा अजिबात माहीत नाही. एकूण शक्यता २०४८ × २० × ६, म्हणजे २,४५,७६० होतात आणि ताळ्यानंतर त्यांतल्या १५,३६० उरतात. हे काम साध्या लॅपटॉपचे आहे. अगदी तीनही शब्द पूर्ण गेले असते, तरी शक्यता सुमारे ८५९ कोटी आणि ताळ्यानंतर सुमारे ५४ कोटी झाल्या असत्या. सेकंदाला हजार संच तपासणारे यंत्र त्यांना साधारण सहा दिवसांत संपवते. चौथा शब्द गेला की तेच काम त्याच वेगाने पस्तीसएक वर्षांचे होते. म्हणून पानावरचे प्रत्येक अक्षर मोलाचे आहे.

प्रत्येक संचावरून अ‍ॅड्रेस काढून तो आपल्या ईमेलमधील अ‍ॅड्रेसशी जुळतो का हे पाहायचे असते. तो अ‍ॅड्रेस नसता, तर ताळ्याला उतरलेल्या हजारो संचांतून आपला कोणता हे ओळखणे अवघड झाले असते. आधी तो अ‍ॅड्रेस कोणत्याही ब्लॉक एक्स्प्लोररवर, म्हणजे बिटकॉइनचे सर्व व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाकून नाणी अजून तेथेच आहेत ना, एवढे पाहून घ्या. अ‍ॅड्रेस सार्वजनिकच असतो, त्याने धोका होत नाही.

शोधासाठी बीटीसीरिकव्हर नावाचा मुक्त स्रोत प्रोग्राम आहे. तो मूळ ठिकाणाहूनच उतरवावा, कारण त्याच्या नावाने बनावट प्रतीही फिरू शकतात. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलेल्या, इंटरनेट पूर्ण तोडलेल्या संगणकावर तो चालवा. माझा आग्रह असा की आधी सराव करावा: एक नवे रिकामे वॉलेट तयार करा, त्याचे तीन शब्द लपवा आणि प्रोग्रामला ते शोधायला लावा. सरावात उत्तर आले की मगच खऱ्या शब्दांकडे वळा. येथे चुकीच्या प्रयत्नांना शिक्षा नाही. स्टीफन थॉमस या प्रोग्रामरचे ७,००२ बिटकॉइन ज्या आयर्नकी या पासवर्डने बंद होणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये अडकले, त्याला दहाच प्रयत्नांची मुभा होती आणि त्यांतले आठ वाया गेले होते. कागदावरच्या शब्दांना तसे बंधन नसते.

एक गोष्ट आठवून पाहा. वॉलेट करताना बारा शब्दांखेरीज वेगळी पासफ्रेज, म्हणजे त्या शब्दांना जोडायचा आपला गुप्त शब्द, दिली होती का? अ‍ॅप उघडायचा पिन म्हणजे पासफ्रेज नव्हे. पासफ्रेज दिली असेल आणि ती आठवत नसेल, तर बारा शब्द बरोबर असूनही अ‍ॅड्रेस जुळणार नाही. तसेच ते वॉलेट इलेक्ट्रम नावाचे असेल, तर त्याची ताळ्याची पद्धत वेगळी असते आणि प्रोग्रामला तसे सांगावे लागते.

जुने कागद

संगणकातले मला फारसे समजत नाही, परंतु भिजलेले कागद वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून पानाविषयी लिहितो. वर सांगितल्याप्रमाणे एक अक्षर वाढले की शोध कितीतरी पटींनी आटोपतो, तर आधी कागदावरच पुरेसा वेळ घालवावा असे माझे मत आहे.

पहिली विनंती अशी की पान पुसू नका, त्यावर पेन्सिल घासू नका आणि पाणी तर लावूच नका. बॉल पेनची शाई तेलकट असते, ती पाण्यात सहसा टिकते. जेल पेनची शाई पाण्यातली असल्याने ती अनेकदा पसरते. मात्र पसरलेली शाई नाहीशी होत नाही, ती शेजारी जाऊन बसते. डायरी मिटलेल्या स्थितीत भिजली असेल, तर समोरच्या पानावर त्या शब्दांचा उलटा ठसा उमटलेला असण्याची चांगली शक्यता आहे. ते पान आरशात धरून वाचा. माझ्या अनुभवात मूळ ओळ पुसट आणि समोरचा ठसा स्पष्ट, असे अनेकदा झाले आहे.

दोन पाने एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका. बंद डब्यात ओलसर फडके ठेवून, त्याला डायरीचा स्पर्श होणार नाही अशा बेताने तिला काही तास नुसती दमट हवा द्या आणि मग पातळ, बोथट पट्टीने कडेपासून हलके सोडवा. ही घाई करण्याची बाब नाही.

त्यानंतर अंधाऱ्या खोलीत विजेरी पानाच्या जवळजवळ समांतर धरून तिरपा प्रकाश टाका. पेनाच्या टोकाने कागदावर पडलेले वळ त्या प्रकाशात सावलीसारखे उठून दिसतात; मागचे पानही असेच तपासा, कारण जोर देऊन लिहिणाऱ्याचे वळ खालच्या पानापर्यंत उतरतात. नोटा तपासण्याची अतिनील विजेरी मिळाली तर तीही वापरून पाहा. आजच्या पांढऱ्या कागदात चमक आणणारे द्रव्य असते, त्यामुळे कागद निळसर उजळतो आणि शाईचा उरलेला अंश काळपट दिसतो. फोटो मोबाइलने काढणार असाल तर सावध राहा, कारण अनेक फोन फोटो आपोआप क्लाउडवर चढवतात. साधा जुना कॅमेरा बरा.

मोबाइल दुरुस्ती

फोन अजून जपून ठेवला असेल तर टाकू नका, पण चार्जरही लावून पाहू नका. आतला बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केला तर काही फोन इतक्या वर्षांनंतरही एकदा सुरू होतात. मेमरीची चिप काढून दुसरीकडे वाचू, असे कोणी सांगितले तर मान्य करू नये. त्या काळातील बऱ्याच फोनमधील साठवण सांकेतिक असते आणि मूळ प्रोसेसरशिवाय ती उलगडत नाही. दुरुस्ती आपल्या समोर बसूनच करून घ्या. कागदाने काम झाले तर याची गरजच पडणार नाही.

इचलकरंजीची ताई

शाहूपुरीकर दादा, हे वाचून माझ्या मावसभावाची आठवण झाली, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्याचेही वॉलेट असेच अडकले होते आणि त्याने एका समूहात मदत मागितली. तासाभरात त्याला तिघांचे निरोप आले. त्यांतल्या एकाने अतिशय सभ्य इंग्रजीत बोलून आधी अठरा हजार रुपये शुल्क म्हणून घेतले, नंतर संगणक दुरून पाहण्याचे अ‍ॅप बसवायला लावले आणि शेवटी एका पानावर बाराही शब्द भरायला सांगितले. शब्द भरल्यावर दहा मिनिटांत वॉलेट रिकामे झाले. त्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, ती नोंदवलीही गेली, पण ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारांच्या नोंदवहीवर, एकदा पुढे गेलेली नाणी मागे बोलावणारी बँक तेथे नसते.

आपल्यालाही असे निरोप येतील, कदाचित आलेही असतील. दादा, आपले नऊ शब्द आणि अर्धवट अक्षरे आपण कोणाला सांगितली, तर वर जे गणित मांडले आहे ते तोही करू शकतो. एवढे कृपा करून ध्यानात ठेवा.

करसल्लागार

थोडक्यात कराची बाजू सांगतो. स्वतःचेच वॉलेट पुन्हा उघडणे किंवा नाणी स्वतःच्याच नव्या वॉलेटवर नेणे हे हस्तांतरण नव्हे, त्यावर कर नाही. विकल्यावर मात्र नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. ही पद्धत १ एप्रिल २०२२ पासून आहे. विक्रीच्या वेळी १ टक्का टीडीएस कापला जातो, तो पुढे करातून वळता होतो. नफ्यातून फक्त खरेदीची किंमत वजा करता येते. फोनदुरुस्ती किंवा शोधाचा खर्च वजा होत नाही. म्हणून २०१७ चे बँकेचे खातेउतारे आणि एक्स्चेंजचे ईमेल आजच छापून ठेवा.

शाहूपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. येथे लिहिल्यापासून मला चार अनोळखी निरोप आले. ताईंचे लिहिणे वाचले होते, म्हणून एकालाही उत्तर दिले नाही.

तीन रविवार मी आणि मुलगी डायरी घेऊन बसलो. पाने चिकटलेली होती, ती सांगितल्याप्रमाणे दमट हवेत सोडवली. समोरच्या पानावर खरोखरच उलटा ठसा होता आणि आरशात एका अर्धवट शब्दाची चारही अक्षरे मुलीने वाचली. दुसऱ्याचे तिसरे अक्षर तिरप्या प्रकाशात दिसले, त्यामुळे तीनच उमेदवार राहिले. पूर्ण गेलेल्या शब्दाच्या जागी चिखलाचा डाग आहे, तेथे काहीच हाती लागले नाही. म्हणजे शक्यता २०४८ × ३, एकूण ६,१४४ उरल्या.

रिकाम्या वॉलेटवर दोनदा सराव केला आणि मग इंटरनेट तोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर खरा शोध लावला. मिनिटभरातच अ‍ॅड्रेस जुळला. त्यानंतर नव्या वॉलेटमध्ये ते बारा शब्द भरले, तर शिल्लक शून्य दिसली आणि माझे हातपाय गार पडले. मुलीने पुन्हा नीट पाहिले तेव्हा उलगडा झाला: नवे वॉलेट आपण होऊन बीसी१ ने सुरू होणारे अ‍ॅड्रेस काढत होते आणि माझा अ‍ॅड्रेस जुन्या पद्धतीचा, १ ने सुरू होणारा होता. सेटिंगमध्ये ४४ क्रमांकाचा जुना डेरिव्हेशन पाथ (शब्दांवरून पत्ते काढण्याची पद्धत) निवडल्यावर नाणी जशीच्या तशी समोर आली.

जुने शब्द इतक्या ठिकाणी हाताळून झाले होते म्हणून त्याच दिवशी नव्या शब्दांचे वॉलेट करून नाणी तिकडे नेली. विक्री मुलीचे शुल्क भरण्यापुरतीच करणार आहे. नवे शब्द या वेळी कागदावर ठेवले नाहीत. वर्कशॉपमध्ये स्टेनलेस स्टीलची पट्टी कापली आणि अक्षरांच्या पंचांनी प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे क्रमांकासह तिच्यावर ठोकली. अशा दोन पट्ट्या केल्या आहेत. एक घरात वरच्या मजल्यावर आहे आणि दुसरी धाकट्या भावाकडे, जेथे २०१९ लाही आणि २०२१ लाही पाणी आले नव्हते.