पंच शॉट नेमका कधी मारायचा? डब्ल्यूजीटीवाले सांगा राजेहो

धुऱ्यावरचा_गोल्फर
राजेहो एक विचारतो, हसू नका. मी दारव्ह्याकडचा. थ्री फेजची लाईन रात्रीच येते, त मोटर चालू करून धुऱ्यावर बसून राहा लागते, तेवढ्या वेळात मोबाईलवर डब्ल्यूजीटी (वर्ल्ड गोल्फ टूर, गोल्फचा गेम) खेळतो, तीन महिने झाले. फुल शॉट जमून रायला, पटिंग (बॉल घरंगळवत भोकात घालणं) बी कामापुरती जमते. पण हा पंच शॉट (बॉल मुद्दाम खालून काढाचा शॉट) काही केल्या समजत नाही. झाडात बॉल गेला का पंच मारतो, त कधी फांदीलेच लागते, कधी खालून सूं करून निघते अन् ग्रीन (भोकाभोवतीची बारीक गवताची जागा) ओलांडून मागच्या बंकरमंधी (वाळूच्या खड्ड्यात) जाऊन बसते. काल गेममंधी सेंट अँड्र्यूजले (स्कॉटलंडचं मैदान) समोरून २० मैलाचा वारा होता, म्हटलं वाऱ्यात पंच मारतात, मारला ७ आयर्ननं (लोखंडी क्लब, आकडा जेवढा लहान तेवढा बॉल खालून अन् लांब जाते), त १५० यार्डाच्या शॉटले ३० यार्ड कमी पडला. मंग हा शॉट हाय तरी कशाले? जरा इस्कटून सांगा.

संत्रावाला_मोर्शी
भाऊ पहिले हे डोक्यातून काढ का झाडाखालून पंच मारून ग्रीनवर जायचं हाय. तो शॉट ग्रीनसाठी नसतेच, बाहेर निघासाठी असते. आम्ही लहानपणी संत्र्याच्या बागेत क्रिकेट खेळाचो, बॉल झाडाखाली गेला अन् वरून फेकला का अटकलाच फांदीत, मंग बुढा येते काठी घेऊन. हात खाली घेऊन सरपटी फेकला का बरोबर बाहेर. पंच म्हंजे तेच.

आता फांदीले काहून लागते ते सांगतो. पंच निवडला म्हणून बॉल जमिनीले चिकटून जात नाही, वर चढतेच, फक्त कमी. ९ आयर्ननं पंच मारला तरी तो बऱ्यापैकी उठते कारण त्याचा लॉफ्टच (क्लबच्या तोंडाचा तिरपेपणा) ४० अंशाच्या आसपास असते. फांदी समोर दहा पावलावर असंल त ४ नाही त ५ आयर्न घे. फांदी लांब असंल त ७ बी चालते. पण बॉल जाड रफमंधी असला त ४-५ च्या नादी लागू नको, गवत धरून ठेवते अन् बॉल जागेवरच मरते. तिथं मी ७ घेतो, पावर अर्धी, अन् सगळ्यात जवळच्या फेअरवेकडं (बारीक गवताच्या मोकळ्या पट्ट्याकडं) तोंड करतो, मंग ते आडवं का असेना. एक शॉट गेला त गेला. आपल्याले वाटते दोन फांद्यांच्या मधातून बरोबर काढतो, मी बी तसंच करून एका होलले ९ मारले हायेत.

वणीचा_बॉस
एवढं काय लिवता बे. समोरून वारा असला का पंच, विषय खतम.

उंबरठ्यावरची_ताई
बॉस दादा, विषय खतम नाही ना, त्या दादाचा तर ३० यार्ड अलीकडेच खतम झाला 😄

मी आर्वीकडची, शाळा सुटली की खेळते. वाऱ्याचं कारण समजलं की क्लब आपोआप समजतो. जमिनीजवळ वारा हळू असतो, उंचावर जोरात. आपल्याकडे धान्य उपणायला बाया तिपाईवर का चढतात, वर वारा लागतो म्हणून. बॉल खाली ठेवला की त्याला वारा कमी लागतो, पण कमी म्हणजे शून्य नाही. त्यात पंचचं अंतर फुल शॉटपेक्षा मुळातच कमी, म्हणजे तुमचे यार्ड दोन्हीकडून कापले गेले. १५० ला फुल ७ लागत असेल तर तेवढ्या वाऱ्यात पंच ५ नं मारून पाहायला पाहिजे होता.

आणि जोर लावून भागत नाही. खऱ्या गोल्फात तर जेवढा जोर तेवढा बॅकस्पिन, आणि वाऱ्यात बॅकस्पिनवाला बॉल पतंगासारखा वर चढतो आणि तिथंच थांबतो. म्हणून मोठा क्लब (म्हणजे लहान आकड्याचा) आणि हलका हात. १८०-१९० राहिले असतील तर मी पंचच्या भानगडीतच पडत नाही, दोन क्लब मोठा घेऊन फुल शॉट मारते.

अजून एक, पंचचा बॉल पडल्यावर पळतो. म्हणून तो तिथंच मारायचा जिथं ग्रीनचं तोंड उघडं आहे. सेंट अँड्र्यूजला बऱ्याच ठिकाणी आहे, पण १७ नंबरच्या होलला मधे तो रोड बंकर बसलाय. २०२२ च्या ओपनमध्ये (ब्रिटिश ओपन स्पर्धेत) शेवटच्या दिवशी कॅमेरॉन स्मिथनं तिथं बॉल वरून उचललाच नाही, ग्रीनच्या बाहेरून पटर घेतला, बंकरला वळसा घालून बॉल वर चढवला, पार (ठरलेल्या फटक्यांत होल) केला आणि ओपन जिंकली. मी त्या दिवसापासून ५० यार्डाच्या आत पंचच्या आधी पटरचा विचार करते.

वणीचा_बॉस
बरं ताई मानलं. पण टायगर वूड्सचा स्टिंगर? तो त खालूनच जाते अन् लांब बी जाते.

उंबरठ्यावरची_ताई
जातो ना, पण २ आयर्न आणि टायगरचा हात दोन्ही पाहिजे 😄 २००६ च्या ओपनला इंग्लंडमधल्या हॉयलेकला त्यानं चारही दिवसांत मिळून ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) एकदाच काढला. मैदान वाळून पिवळं पडलं होतं, आयर्नचा बॉलच एवढा पळायचा की ड्रायव्हरची गरज नव्हती. पावसाळी मऊ कोर्सवर तेच करायला जाल तर बॉल चिखलात पडल्यासारखा थांबेल.

काळी_माती
वारा मागून असला त पंच अजिबात नाही. पाणी मधात असलं त नाही. ग्रीन वर टेकडीवर असलं त नाही, बॉल उताराले धडकून परत पायाशी येते. बंकरच्या मागं पिन (भोकातला झेंडा) लपली असंल त नाही.

बाकी प्रॅक्टिस राऊंडमंधी बस अन् वारा कमी असतानी ५, ७ अन् ९ चे पंच मार, प्रत्येकाचे पाच पाच. कुठं पडला अन् कुठं थांबला हे दोन आकडे अलग लिव. माझ्याकडं किराण्याच्या उधारीच्या वहीतच मागच्या पानावर लिवून हायेत, बायको म्हणते हा ७ आयर्न कोण गिऱ्हाईक हाय. टियर (गेममंधली आपली पातळी) वाढला का ग्रीन कडक अन् फास्ट होते, तेव्हा जुने आकडे कामाचे नाही, परत लिव.

धुऱ्यावरचा_गोल्फर
सगळ्याइले धन्यवाद. काल रातच्याले करून पायलं. पहिल्याच होलले झाडात गेलो, ७ नं आडवा काढला, तिसरा ग्रीनवर, दोन पट, बोगी (पारपेक्षा एक जास्त). एरवी तिथं माह्ये सात-आठ जातात. मंग एका होलले समोरून १८ चा वारा, १४० राहिले, तोंड उघडं, ५ चा पंच हलक्या हातानं. बॉल ग्रीनच्या पंधरा यार्ड अलीकडं पडला अन् पळत पळत पिनच्या बाजूले जाऊन उभा रायला, बाप्पा! मी ओरडलो त बाजूच्या वावरातला काका बॅटरी घेऊन पळत आला, त्याले वाटलं साप निंगाला.

बर्डीचा (पारपेक्षा एक कमी) पट मारणार तेवढ्यात लाईन गेली, टावर बी गेला. ताई, ७० यार्डावर पंच का पिच (वर उचलून मारलेला छोटा शॉट), हे राहून गेलं पाय.

उंबरठ्यावरची_ताई
समोर बंकर असेल तर पिच. नसेल आणि ग्रीन कडक असेल तर ९ नं पंच, पण आधी काळी मातीदादा म्हणतात तशी वही करा.

वणीचा_बॉस
त्या काकाले बी गेम टाकून दे मोबाईलमंधी.