नीटचा निकाल लागल्यानंतर… मेडिकल अ‍ॅडमिशनच्या दिवसांचे अनुभव

माझी मुलगी यंदा नीटला बसली होती. निकाल लागला, नातेवाइकांचे फोन येऊन गेले, पेढे वाटून झाले. त्यानंतर जे सुरू झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. 720 पैकी किती पडले एवढंच सगळे विचारतात. पण एसएमएल नंबर, म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतला नंबर, कसा वाचायचा, प्रेफरन्स फॉर्ममध्ये कोणतं कॉलेज वर टाकायचं, कुठला दाखला कधीपर्यंतचा चालतो, हे सांगणारं आमच्या ओळखीत कुणी नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, यांचं कृषी सेवा केंद्र आहे. दोन्ही घरांत मिळून या वाटेला लागलेली हीच पहिली.

ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी कृपया लिहा. अभ्यास कसा केला ते क्लासच्या पत्रकांत भरपूर असतं. मला हवंय ते निकालापासून अ‍ॅडमिशनच्या पावतीपर्यंत तुमच्या घरात काय झालं ते. चुकलं असेल तर तेही लिहा. फक्त कॉलेजचं किंवा ऑफिसचं नाव घेऊन कुणी तक्रार करू नका.

मुलीचे वडील, सोलापूर जिल्हा

ताई, माझी चूक आधी सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही.

पहिल्या राउंडला मुलीला खाजगी कॉलेज लागलं, घरापासून खूप लांब. रात्रभर प्रवास करून पोहोचलो. मूळ कागद, झेरॉक्सचे तीन संच, डीडी, मेडिकल फिटनेस, सगळं बरोबर. तिथल्या टेबलावर एकामागून एक कागद पुढे येत गेले, "इथे सही, इथे पालकांची सही." मागे रांग होती आणि मला तर आधी सीट पक्की करायची घाई. त्या गठ्ठ्यात स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म होता. तो भरून दिला की हीच सीट मला कायम हवी, पुढच्या राउंडमध्ये मला धरू नका, असा त्याचा अर्थ. बेटरमेंटचा, म्हणजे पुढे आणखी चांगलं कॉलेज मिळण्याचा, दरवाजा तिथेच बंद.

दुसऱ्या राउंडची यादी लागली तेव्हा आम्ही जेवत होतो. मुलगी मोबाईलवर बघत होती. म्हणाली, "पप्पा, हे सरकारी कॉलेज आपल्या नंबरच्या खाली जाऊन बंद झालंय." मला आधी कळेना. तो फॉर्म भरला नसता तर ते आपल्याला मिळालं असतं हे कळलं तेव्हा घास गिळवेना. मुलगी एक शब्द बोलली नाही, उलट मलाच पाणी आणून दिलं.

आज ती थर्ड इयरला आहे, छान शिकते आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला ती सही आठवून देतो. कोणताही कागद मुलाला मोठ्याने वाचायला लावा, मग सही करा. मागची रांग थांबते.

डॉक्टर, वय 55, नाशिक

आमच्या वेळी नीट नव्हती, राज्याची सीईटीही नव्हती. बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे मार्क, बस. म्हणजे बोर्डाच्या पेपरात जे हातून गेलं ते गेलं. यादी कॉलेजच्या फलकावर लागायची. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच ते यादी बघायला गेले आणि माझं नाव त्यांनी बोटाने ओळीखाली रेघ ओढत वाचलं. फलकाच्या काचेवर त्या बोटाचा ठसा उमटलेला मी नंतर पाहिला.

आता सगळं पोर्टलवर आहे, ते चांगलंच आहे. यादी पाहायला गाव सोडावं लागत नाही.

2016 ची बॅच, लातूर

माझं वर्ष ज्यांना आठवतं त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. दोन वर्षं एमएचटी-सीईटीची, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी केलेली, बारावी स्टेट बोर्डाचा अभ्यासक्रम, निगेटिव्ह मार्किंग नाही. 28 एप्रिलला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला की यंदापासून नीटच. 1 मेला नीटचा पहिला टप्पा, 5 मेला आमची सीईटी, आणि जिच्यासाठी जीव काढला ती सीईटी धरणार की नाही हे कुणालाच माहीत नाही. तरीही पेपर दिला. पेपर सोडवताना मनात एकच होतं, हे कुणी तपासणार आहे का?

खोलीवर आल्यावर दुसऱ्या टप्प्याच्या, 24 जुलैच्या नीटसाठी एनसीईआरटीची अकरावीची पुस्तकं उघडली. ती पुस्तकं मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली होती. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी होतो. एक घरी निघून गेली, एकीने बोलणं बंद केलं. 24 मेला अध्यादेश निघाला आणि राज्याच्या कोट्याच्या जागा त्या वर्षापुरत्या सीईटीवर राहिल्या. त्या दिवशी मेसच्या मावशींनी कुणी न सांगता शिरा केला होता.

मला सरकारी कॉलेज मिळालं. जी मुलगी घरी गेली होती तिला नाही मिळालं, आणि तिच्या बारावीचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. दहा वर्षं होत आली, ही गोष्ट मनातून जात नाही. अठरा वर्षांच्या मुलांना परीक्षा कोणती आहे हे परीक्षेच्या तीन दिवस आधी कळावं, हे फार वाईट होतं.

मोठा भाऊ, बुलढाणा जिल्हा

माझ्या धाकट्या बहिणीच्या व्हॅलिडिटीबद्दल लिहितो. मोठं होईल, पण तपशील उपयोगी पडेल.

आम्ही ओबीसी. जातीचा दाखला घरात होता, त्यामुळे काम झालं असं वडिलांना वाटत होतं. दाखला वेगळा आणि पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र वेगळं, हे बहीण बारावीला गेल्यावर कळलं. व्हॅलिडिटी नसेल तर अ‍ॅडमिशनमध्ये तुम्हाला ओपनमध्ये धरतात. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची आधीच झालेली असेल तर बरंच सोपं जातं. आमच्याकडे कुणाचीच नव्हती. घराण्यात नोकरीलाच कुणी गेलं नव्हतं, काढणार कोण?

ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. वडिलांचा जन्म 1970 चा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत. समितीकडून त्रुटीचं पत्र आलं तेव्हा नीटला चार महिने होते. बहिणीला आम्ही काही सांगितलं नाही. मी आणि वडील दोघेच फिरलो.

आधी चुलत आजोबांचं नाव निघालं. ते दुसरीपर्यंत शिकले होते असं आत्या म्हणाली. गावच्या शाळेतलं जुनं दाखल-खारीज रजिस्टर गुरुजींनी कपाटाच्या तळातून काढलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पान उलटलं की भुगा पडायचा. गुरुजींनी स्टीलची पट्टी पानाखाली सरकवून एकेक पान उलटलं. चुलत आजोबांचं नाव सापडलं, जन्मतारीख सापडली, जातीचा रकाना होता तिथे कागदच नव्हता. वडील खाली बसले.

मग कुणीतरी गाव नमुना चौदा सांगितला, म्हणजे जुन्या काळची कोतवालाची जन्म-मृत्यूची नोंदवही. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज केला. सहा चकरा झाल्या. सातव्या वेळी तिथल्या शिपायाने स्वतः गाठोडं सोडून आमच्या गावची वही शोधली. नोंद मोडीत होती. आम्हाला एक अक्षर लागेना. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त मास्तरांकडे नक्कल नेली. त्यांनी भिंग लावून वाचलं, "पणजोबांचं नाव, त्यांना मुलगा झाला, आणि ही बघा जात." वडिलांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. पणजोबांचं नाव आम्हालाही त्या दिवशीच पहिल्यांदा लिहिलेलं दिसलं.

वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, नकलेचं लिप्यंतर, सगळं जोडून पुन्हा दिलं. व्हॅलिडिटी हातात आली तेव्हा कागदपत्रांच्या मुदतीला तीन दिवस उरले होते.

तुमचं मूल अकरावीत असेल तर आजच अर्ज करा. ज्युनिअर कॉलेजच्या पत्रावर तो जातो. बारावीची वाट बघू नका. आणि एकाची झाली की घराण्यातल्या सगळ्यांना त्याची प्रत द्या. बहिणीच्या प्रमाणपत्रावर आता आमच्या चार चुलत भावंडांची कामं झाली आहेत.

सेतू केंद्र चालवतो, जालना

वरच्या दादांनी लिहिलं ते शंभर टक्के खरं. माझ्याकडून दोन गोष्टी. नॉन-क्रीमी लेअरवर "31 मार्चपर्यंत वैध" असं असतं, ते चालू प्रवेशवर्षाचं आहे ना ते बघा. मागच्या वर्षीचं घेऊन येणारे दरवर्षी भेटतात. दुसरं नावाचं. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, दाखल्यावर तिसरं. निकालानंतर माझ्या दारात पहाटेपासून माणसं बसतात, त्यातली निम्मी फक्त नावासाठी. डोमिसाईल, उत्पन्न, नॉन-क्रीमी हे तिन्ही परीक्षेच्या आधी काढून ठेवा. सर्व्हर तेव्हा मोकळा असतो.

बेळगाव

आमच्याबद्दल फार कुणाला माहीत नसतं म्हणून लिहितो. महाराष्ट्राच्या अ‍ॅडमिशनमध्ये सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळा कोटा आहे. महाराष्ट्र ज्या 865 गावांवर दावा सांगतो त्या भागातल्या मुलांसाठी. आम्ही राहतो कर्नाटकात, त्यामुळे महाराष्ट्राचं डोमिसाईल आम्हाला कुठून मिळणार? त्याऐवजी वादग्रस्त भागातले रहिवासी असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो.

तो दाखला मिळवायला मी आजीला घेऊन गेलो होतो. आपण घरात जी बोलतो ती भाषा कागदावर सिद्ध करावी लागते म्हटल्यावर ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "मग आम्ही काय बोलतंय म्हणून तेनास्नी वाटतंय?" जागा अगदी थोड्या असतात. माझा नंबर लागला नाही, कर्नाटकातूनच बीडीएस केलं. पण ज्यांना लागू आहे त्यांनी तो रकाना कोरा सोडू नका.

आई, सांगली

मुलगा युक्रेनला होता. इथे मार्क कमी पडले आणि खाजगीचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून पाठवला. फेब्रुवारी 2022 मध्ये युद्ध सुरू झालं, तेव्हा तो सेकंड इयरला होता. तळघरातून मेसेज करायचा, "आई, बिस्किटं आहेत." सरकारच्या ऑपरेशन गंगाच्या विमानाने परत आला. इथल्या कॉलेजांत सामावून घेतलं नाही. शेवटी दुसऱ्या देशात जाऊन पुरं करतोय. परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे बाहेर शिकून आलेल्या डॉक्टरांची परीक्षा, आहेच, 300 पैकी 150 लागतात.

बाहेर पाठवणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर 2021 च्या नियमांनी निदान 54 महिन्यांचा कोर्स, शिक्षण इंग्रजीतून आणि तिथेच 12 महिन्यांची इंटर्नशिप लागते. हे लेखी बघा, मगच पैसे भरा. आणि इथली नीट क्वालिफाय असावीच लागते.

बीएएमएस, सेकंड इयर, अहिल्यानगर

मी दोनदा नीट दिली. दुसऱ्या वेळी एमबीबीएस थोडक्यात हुकलं. घरात सगळे म्हणत होते, अजून एक ड्रॉप घे. मी रात्री पुस्तक उघडायचे आणि तीच ओळ वाचत बसायचे. शेवटी आईच म्हणाली, "बास झालं. तू किती दिवसात हसली नाहीस, मोजलंयस का?" बीएएमएसच्या प्रेफरन्स लिस्टमध्ये मी स्वतः पाहून आलेली कॉलेजं वर टाकली, जिथे ओपीडी खरोखर चालते अशी. आता पेशंट समोर बसतो तेव्हा मला बरं वाटतं. काकू, तुमच्या मुलीला विचारा की तिला लिस्टमध्ये काय वर हवंय. आम्हाला कुणी विचारत नाही.

धागा सुरू करणारी

तुम्हा सगळ्यांचं लिहिलेलं मी आणि मुलगी रोज रात्री बसून वाचलं. बुलढाण्याच्या भाऊंचं वाचून यांनी दुसऱ्या दिवशी पुतण्याचा व्हॅलिडिटीचा अर्ज भरायला घेतला, तो अकरावीत आहे. शेवटचा निरोप वाचून मी लिस्ट तिच्या हातात दिली. मी जी तीन कॉलेजं घराजवळची म्हणून वर लिहिली होती, ती तिने खाली नेली. कारण विचारलं तर म्हणाली, जिथे पेशंट जास्त तिथे शिकायला जास्त. मी काही बोलले नाही.

काल संध्याकाळी पहिल्या राउंडची यादी लागली. तिने दोन नंबरवर टाकलेलं सरकारी कॉलेज मिळालंय. रिटेन्शन भरायचं नाही, एक नंबरसाठी पुढच्या राउंडला थांबायचं असं तिने ठरवलंय, आणि फॉर्म ती मला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. उद्या पहाटे पावणेपाचची एसटी. तिने बॅग भरली, मी फाईल भरली. दहावीची मार्कशीट, बारावीची, डोमिसाईल, टीसी, सगळ्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्यात. गाडीत ती फाईल मी वर रॅकवर ठेवणार नाही, मांडीवरच घेऊन बसणार आहे.