मदत हवी आहे: रुई दाबली की घनता बदलते का? घरी मोजायची कशी?

मंडळी, भाचीला आठवीचं विज्ञान शिकवतोय. घर अमळनेर तालुक्यात, त्यामुळे उदाहरणं कापसाचीच निघतात. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, आणि तो पदार्थाचा गुणधर्म. लोखंडाचा खिळा घ्या की पहार, घनसेंटिमीटरला ७.८ ग्रॅमच्या आसपासच. इथवर तिला पटलं. मग ती जिनिंगवर आली. सुट्या रुईचा एवढा मोठा ढीग प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गाठ होते. वजन तेवढंच, जागा कितीतरी कमी. "मामा, मंग कापूसनी खरी घनता कोनती?"

मी सांगितलं, सुट्या रुईत बहुतेक जागा हवेची असते. प्रेस ती हवा काढतो, तंतू तेच राहतात. तंतूची स्वतःची घनता साधारण १.५, पाण्याच्या दीडपट. लगेच पुढचा प्रश्न: मग रुई पाण्यावर तरंगते कशी? हे तिला नुसतं सांगायचं नाही, तिच्या हाताने मोजून दाखवायचं आहे. मोजपात्रात बुडवली तर बुडबुडे अडकतात आणि आकारमान जास्त भरतं. घरी स्वयंपाकाचा डिजिटल काटा आहे. काही उपाय?

प्रतिसाद:
कच्च्या रुईच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. पाणी आत शिरत नाही, हवा अडकते, म्हणून ती तरंगते. मेडिकलमधल्या कापसाचं मेण काढलेलं असतं. तो टाका, बुडेल. दोन्ही शेजारी शेजारी दाखवा.

मोजायलाही तोच घ्या, आणि पातळी बघूच नका, वजन करा. रुंद तोंडाची बरणी पाण्याने काठोकाठ भरून वजन लिहून ठेवा. ३० ग्रॅम कोरडा कापूस उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून, पाण्याखालीच पिळत राहा. मग तो ओलाच बरणीत घाला, पुन्हा काठोकाठ भरा, बाहेरून पुसून वजन करा. सोबत आलेल्या पाण्याने फरक पडत नाही, जास्तीचं सांडून जातं.

वजन १० ग्रॅमने वाढलं, तर २० ग्रॅम पाणी, म्हणजे २० घनसेंटिमीटर, बाहेर गेलं. ३० भागिले २०, दीड.

धागाकर्ता:
हे जमण्यासारखं आहे! वाढ ७ ग्रॅमच आली तर?

प्रतिसाद:
तर १.३ येईल. आत हवा राहिली आहे. कापूस काढून पुन्हा पाण्याखाली पिळा.