अस्सल माल, तरी लिस्टिंग उडालं

माल अस्सल, पक्कं बिल हातात, तरी ब्रँडच्या तक्रारीवरून ऑनलाइन साइटवरचं लिस्टिंग (विक्रीची नोंद) उडालं, असं का, हे एका विक्रेत्याने विचारलंय. 'एकदा विकलेल्या मालावर कंपनीचा हक्क संपतो' हे त्याला मिळालेलं उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच.

ट्रेडमार्कचा, म्हणजे ब्रँडच्या नावा-चिन्हाचा, हक्क कुठे विकल्यावर संपतो, हे देशागणिक बदलतं. सिल्हूट कंपनीने बल्गेरियात विकलेल्या अस्सल चष्म्याच्या फ्रेम परत ऑस्ट्रियात विक्रीला आल्या, तेव्हा १९९८ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर (बल्गेरिया तेव्हा त्यात नव्हता) झालेल्या विक्रीने हक्क संपत नाही. शिवाय मालाची अवस्था बदलली असेल तरी ब्रँड हरकत घेऊ शकतो. मी एकदा अत्तरं घेतली होती. बाटली, झाकण, वास सगळं ठीक, पण खोक्यावरचा बॅच क्रमांक ब्लेडने खरवडलेला. असा माल 'नवीन' म्हणून टाकूच नका.

आता लिस्टिंग इतक्या पटकन का उडतं? दागिन्यांची कंपनी टिफनी विरुद्ध विक्रीची साइट ईबे या खटल्यात (२०१०) अमेरिकी अपील न्यायालयाने म्हटलं की साइटला जबाबदार धरायला, तिथे बनावट माल आहे एवढी ढोबळ कल्पना पुरेशी नाही, नेमक्या लिस्टिंगची माहिती हवी. म्हणून नेमकी तक्रार आली की साइट आधी काढते, मग विचारते. यात प्रामाणिक विक्रेता भरडला जातो, आणि मला हे फार अन्यायाचं वाटतं.

तुम्ही आधी नोटिशीत बघा, तक्रार ट्रेडमार्कची आहे की फोटोच्या कॉपीराइटची. कंपनीचे फोटो उचलले असतील, तर माल अस्सल असूनही कॉपीराइटची तक्रार टिकू शकते. फोटो स्वतः काढून लावा.